खांबावरचा म्हातारा

निसर्ग कधीही खोटं बोलत नाही, असं अभयारण्याच्या फाटकावर हातभर अक्षरांत कोरलेलं होतं. त्याखाली पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं : रंग ओला आहे.

जावयांनी पहिलं वाक्य पूर्ण वाचलं. दुसऱ्यापर्यंत पोचेतो त्यांची बाही फाटकाला घासून गेली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत तांबडाभडक पट्टा उमटला होता. त्यांनी तो पाहिला आणि हात खाली सोडला. पूर्वी त्यांनी त्रागा केला असता. हल्ली त्राग्याला लागणारं सामान त्यांच्यात शिल्लक नव्हतं.

तिकिटं त्यांच्या बायकोने काढली होती, म्हणजे सासूबाईंच्या मुलीने. हंगामात इथलं आरक्षण कित्येक महिने आधी करावं लागतं. मधल्या काळात ती गेली. तिकिटं राहिली. ‘कोणत्याही कारणास्तव रद्द होणार नाहीत’ असं त्यांवर छापलं होतं. ‘कोणत्याही कारणास्तव’ ह्या शब्दांपाशी जावई बराच वेळ थांबले होते. शेवटी दुसऱ्या तिकिटावर सासूबाई आल्या.

सासूबाई खाजगी गुप्तहेर होत्या. हे ऐकून लोक आधी हसत आणि मग आठवून बघत की आपण काय काय केलंय. ड्रायक्लीनरच्या दुकानावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. विमा कंपन्या त्यांना कामं देत. पाठीचा कणा मोडलेले लोक त्यांनी नाचताना पकडले होते आणि जळून गेलेली गोदामं शेजारच्या गावात शाबूत शोधून काढली होती. त्यांच्या हातून निसटलेला माणूस एकच, त्यांचा नवरा, आणि तोही हृदयविकाराने.

जावई लिफ्टची तपासणी करत. दोर, ब्रेक, दरवाजा बघायचे आणि ‘सुरक्षित’ असा शिक्का मारायचा. त्यामुळे त्यांना दिसायचं सगळं, पण त्यातून ते काही निष्कर्ष काढत नसत.

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने तिकिटं फाडून अर्धी परत दिली.

“म्हातारा दिसणार नाही आज,” ती म्हणाली. “आधीच सांगते. पैसे परत नाहीत.”

म्हातारा म्हणजे करकोचा. ह्या किनाऱ्यावरचा त्या जातीचा एकुलता एक. खाडीच्या मधोमध एका खांबावर तो वर्षानुवर्षं उभा असे आणि त्याला बघायला लोक लांबून येत. फाटकावर तो होता, तिकिटावर तो होता, प्रसाधनगृहाच्या पाटीवरही तोच होता.

“का? कुठे गेला?” सासूबाईंनी विचारलं.

“मेला. मारला म्हणतायत. माझ्या भावाने मारला म्हणतायत.” बाईने खिडकीच्या गजाला धरलं. “तो इथला नावाडी आहे. त्याच्या नावेत पिसं सापडली, रक्त सापडलं. दुपारची भरती आली की पोलिसांची लाँच येणार. परवाना जाणार, नाव जाणार, त्याला घेऊन जाणार. आणि हा बाबा तोंडातून शब्द काढत नाही! मासासुद्धा ह्याच्याहून बोलका असतो हो.”

“ह्या डिटेक्टिव्ह आहेत,” जावई म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळल्या. “भरतीला वेळ आहे ना अजून?”

“आहे थोडा.”

“मग रडू नका. रडायला नंतर भरपूर वेळ मिळतो.”

*

माहिती दालनात फिनेलचा वास होता. भिंतीलगत काचेची कपाटं, आत भुसा भरलेले पक्षी. बहुतेक काचांवर इतकी धूळ होती की आतले बगळे धुक्यात उभे असावेत तसे वाटत. दारासमोरचं सर्वांत मोठं कपाट तेवढं लख्ख पुसलेलं होतं. त्यात एक उंच करकोचा होता. एका अंगाने पांढरा, दुसऱ्या अंगाने उन्हात राहिलेल्या वर्तमानपत्रासारखा पिवळट, छातीवर पिसं विरळ. ‘करकोचा, नर’ अशी चिठ्ठी. एका डोळ्यात काचेची गोटी होती, दुसऱ्यात नव्हती.

सासूबाई अधीक्षकांना शोधायला आत गेल्या तोवर जावई त्या कपाटासमोर उभे राहिले. काचेवर आतल्या बाजूने एक बारीकशी गोगलगाय वर चढत होती. मागे ओला माग सोडत, अजिबात घाई न करता. जावयांना तिचं बरं वाटलं. सकाळपासून कोणीतरी कुठेतरी पोचत होतं.

“अहो आई, इथे गोगलगाय आहे,” सासूबाई परत आल्यावर ते म्हणाले.

सासूबाईंनी वाकून पाहिलं, कपाटाचं कुलूप पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, “असू दे. तिला त्रास देऊ नका.”

मागून अधीक्षक आले. वजनमापं खात्यातून त्यांची इथे बदली झाली होती. ती बढती आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. बूट आरशासारखे. ह्या बुटांनी चिखल लांबूनच पाहिला असणार. डोळे मात्र सुजलेले.

“तुम्ही पाहुण्या आहात, तुम्हाला चौकशीचा अधिकार नाही,” ते म्हणाले, आणि मग अधिकाराची वाट न पाहता सगळं सांगू लागले. “मी रोज सकाळी आल्या आल्या निरीक्षण कुटीत जातो. दुर्बिणीतून म्हाताऱ्याला नमस्कार करतो. तो करत नाही, पण मोठी माणसं करत नाहीतच. आज पाहिलं तर खांब रिकामा! कुटीतूनच खाली बघतो तर धक्क्याला लागलेल्या नावेत पिसं. आणि रक्त.”

“मग?”

“मग मी ओरडलो.”

“काय ओरडलात?”

“खून.” अधीक्षकांनी रुमाल काढला. “आमचा गाइड धावत आला. म्हणाला, साहेब, कोल्हा असेल. मी म्हटलं, कोल्हा नाव चालवतो का?”

“नावाड्यावर संशय का?”

“म्हातारा मासे खातो, नावाडी मासे धरतो. हितसंबंध! शिवाय परवाच मी त्याला म्हटलं, मोटरीचा आवाज कमी कर, म्हाताऱ्याला त्रास होतो. तर माझ्या तोंडावर म्हणाला, तो मेल्यातच जमा आहे. ही धमकी नाही तर काय?”

“परवा काही विशेष होतं का?”

“पक्षीतज्ज्ञ डॉक्टरबाई येणार हे त्याच दिवशी जाहीर केलं मी. आजच्या लाँचने येतायत, पक्ष्यांच्या पायात कडी घालायला. म्हणजे मग पक्षी कुठे जातो, काय करतो ते समजतं. मी सगळ्या स्टाफला सांगितलं, पहिलं कडं म्हाताऱ्याला! शिडी मागवली, फाटक रंगवून घेतलं. आणि नेमका…”

त्यांचे खांदे हलू लागले. जावई त्यांच्याकडे बघत राहिले. पायी चालणारा माणूस दुसऱ्याच्या सायकलकडे बघतो तसे. बायको गेल्यापासून त्यांना स्वतःला एकदाही रडू आलं नव्हतं. लोकांनी धीराचं कौतुक केलं होतं.

“ह्या कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे?” सासूबाईंनी विचारलं.

“एक माझ्याकडे, एक गाइडकडे. का?”

“सहज. फिनेल छान आहे तुमचं.”

*

नावाडी नावेतच बसून होता, धक्क्याकडे पाठ करून. मोटर सुरू करायची दोरी अधीक्षकांनी जप्त केली होती. बहीण खिडकी बंद करून आली आणि काठावर उभी राहिली.

नावेच्या तळाशी मूठभर पिसं आणि ताटाएवढा लाल डाग. शेजारी कालच्या मासळीची टोपली. टोपलीवर माश्यांचं मोहोळ घोंघावत होतं. डागावर एकही माशी नव्हती.

सासूबाई पदर खोचून नावेत उतरल्या. एक पीस उचललं, बोटांत चोळलं. त्याचा भुगा झाला. दुसरं घेऊन पाण्यात बुडवलं. कापसाच्या वातीसारखं ते पाणी पिऊन जड झालं आणि बुडालं.

“जावईबापू, हात दाखवा जरा.”

जावयांनी हात पुढे केला. सासूबाईंनी त्यांची बाही बघितली, मग डाग बघितला.

“चांगला शर्ट होता,” त्या म्हणाल्या. मग नावाड्याला, “तुम्ही मारलात?”

“नाही.”

“कोणी मारला?”

“कोणीच नाही.”

“अरे मग सांग ना तसं सगळ्यांना!” बहीण वरून ओरडली. “दादा, तोंड आहे ना तुला? वल्हं नाही ते!”

नावाड्याने तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

“मला विचारू नका बाई,” तो सासूबाईंना म्हणाला. “हिला इथे नोकरी आहे. घरात पगार येतो तो हिचाच. म्हातारा आहे तोवर खिडकी आहे.”

“नाव गेली तर?”

“मग नाव गेली.”

काठावर चढताना सासूबाईंनी जावयांचा हात धरला आणि नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ धरून ठेवला. गुडघ्यामुळे असेल.

*

निरीक्षण कुटी म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी खोली, समोर आडवी फट. बाहेर दोन रबरी बूट खुंट्यांवर उलटे टांगलेले होते आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. शेजारी चिखलात न रुतता चालण्यासाठी पायाला बांधतात तशा रुंद फळ्या, ओल्या.

आत गाइड होता. साठीकडे झुकलेला, गळ्यात शिट्टी आणि किल्ल्यांचा गोफ. माणूस दिसला की त्याची टेप आपोआप सुरू होत असे.

“या, या. इकडे बघा. समोर कुरव, पलीकडे तुतवार, ते लांब काळे पाणकावळे. एक गंमत लक्षात आली? सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला! जिकडून वारा तिकडे. वाऱ्याला पाठ दिली तर पिसं उलटी होतात, थंडी शिरते. वारा फिरला की सगळी सभा फिरते. इथला कुठलाही पक्षी बघा, ह्याला अपवाद नाही.”

“सुंदर,” सासूबाई म्हणाल्या. “आज किती फेऱ्या झाल्या?”

“एकही नाही. साहेबांनी सगळ्या रद्द केल्या. दुखवटा.”

“चिखलात कोणी उतरलं नाही?”

“छे!”

फटीशी एकच मोठी दुर्बीण होती, तिवईला घट्ट बसवलेली आणि छोट्या कुलपाने जखडलेली.

“कुलूप?”

“लोक हलवतात हो. मग म्हातारा सापडत नाही. म्हणून त्याच्यावर रोखूनच ठेवलीय.”

“आणि नावेतून जवळ जाऊन बघितलं तर?”

“बंदी. तो बुजायचा. फार हळवा होता.” गाइडने फटीतून बाहेर बोट दाखवलं. “लोक फक्त त्याच्यासाठी यायचे. बाकीच्यांना कोण विचारतो? मी सबंध दिवस तुतवार दाखवतो, लोक म्हणतात, ठीक आहे, म्हातारा कुठाय?”

सासूबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला, मग जावयांना लावायला सांगितलं. रिकामा खांब दिसला. आजूबाजूचे खांब पक्ष्यांच्या विष्ठेने चुना ओतल्यासारखे पांढरे झाले होते. मधला मात्र स्वच्छ, सुताराने काल ठोकल्यासारखा.

“टापटिपीचा होता म्हातारा,” सासूबाई म्हणाल्या.

गाइडची टेप पहिल्यांदाच अडकली.

*

बाहेर बाकावर बसल्यावर सासूबाईंनी हात पुढे केला.

“तुमचा फोन द्या. ती आधी दोनदा आली होती ना इथे तुमच्याबरोबर? ते फोटो काढा.”

जावयांनी फोन दिला. “तुम्हीच काढा.”

“मला चष्मा लावूनही नीट दिसत नाही.” हे खरं नव्हतं. सुईत दोरा त्या एका झटक्यात ओवत.

मग जावयांनी फोटो काढले. ते त्यांनी बघितले नव्हते. आता बघितले, आणि काहीच झालं नाही. लिफ्टच्या दोराचा फोटो बघावा तसं ते बघत होते.

“पहिला कधीचा?”

“मागच्या हिवाळ्यातला. कुटीच्या पायऱ्यांवर आहे. हसतेय. मागे खांब दिसतोय, म्हातारा दिसतोय.”

“केस कसे आहेत तिचे?”

“डावीकडे उडतायत. तोंडावर आलेत सगळे.”

“दुसरा?”

“उन्हाळ्यातला. तीच जागा. टोपी धरून उभी आहे. केस… उजवीकडे. सरळ उजवीकडे.”

“आणि म्हातारा?”

“आहे की.”

“कसा आहे?”

“तसाच. चोच उजवीकडे.”

“दोन्हीत?”

जावयांनी बोटाने मागे-पुढे केलं. “दोन्हीत.”

“अजून एक आहे का? आतला?”

होता. दालनात मोठ्या कपाटासमोर ती एका पायावर उभी होती, दोन बोटांची चोच करून, डोळे बटबटीत. मागचं कपाट रिकामं. आत एक चिठ्ठी : ‘देखभालीसाठी बाहेर नेले आहे’. शाई उडून फिकी झालेली.

सासूबाईंनी फोटो मोठा केला. आधी चिठ्ठी. मग, त्याची काही गरज नसताना, चोच.

“लहानपणापासून नकला करायची,” त्या म्हणाल्या. “चला. पाणी चढतंय.”

*

लाँच धक्क्याला लागली तेव्हा सगळे दालनात जमले होते. अधीक्षक खुर्चीत, गाइड दाराशी, नावाडी भिंतीला टेकून, बहीण त्याच्या बाहीला धरून. पोलिस आला, पाठोपाठ पक्षीतज्ज्ञ डॉक्टरबाई आल्या, खांद्याला जाळं आणि हातात कड्यांची डबी.

“मृतदेह कुठे आहे?” पोलिसाने विचारलं.

“तुमच्या पाठीमागे,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे वळले. कपाटातला करकोचा एका डोळ्याने सगळ्यांकडे बघत होता. गोगलगाय आता काचेच्या वरच्या चौकटीपर्यंत पोचली होती.

“अहो, हा तर दालनातला नमुना आहे,” अधीक्षक म्हणाले. “कित्येक वर्षांपूर्वीचा. देखभालीहून आला असेल परत.”

“कित्येक वर्षांपूर्वीचा खरा. पण दालनातला आजपासून. बंद कपाटात, फिनेलने पुसलेल्या खोलीत, खाडीतली जिवंत गोगलगाय कुठून येते? ती ह्याच्या पायाला चिकटून आली. आज सकाळी. म्हणजे हा पक्षी आज सकाळपर्यंत खाडीत होता.”

“खाडीत कसा असेल? खाडीत तर म्हातारा…” अधीक्षक थांबले.

सासूबाईंनी त्यांना पुरेसा वेळ दिला.

“माझ्या मुलीचे दोन फोटो आहेत. एकात वारा एका बाजूने, दुसऱ्यात बरोबर उलट. तिच्या केसांवरून समजतं. म्हातारा दोन्हीत एकाच दिशेला तोंड करून. इथला कुठलाही पक्षी वाऱ्याला पाठ देत नाही, हे मला गाइडसाहेबांनीच सांगितलं. तिसऱ्या फोटोत हे कपाट रिकामं आहे आणि चिठ्ठीची शाई उडालीय, म्हणजे तेव्हाही ते बऱ्याच दिवसांपासून रिकामं होतं. खांबावर विष्ठेचा ठिपका नाही. आणि हा पक्षी एकाच अंगाने पिवळा पडलाय, कारण ऊन रोज एकाच अंगाला लागायचं. जिवंत प्राणी कूस बदलतो.”

“आणि रक्त?” पोलिसाने विचारलं.

“रक्त वाळलं की काळं पडतं, हे मटण आणणाऱ्या कोणालाही माहीत आहे. हे सकाळपासून उन्हात लालभडक. मासळीवर माश्या, ह्यावर एक नाही. जावईबापू, बाही दाखवा.”

जावयांनी बाही दाखवली.

“फाटकाचा रंग,” सासूबाई म्हणाल्या. “पिसं ह्याच्याच छातीवरची. ताजं पीस पाणी झटकतं, ही पाणी पिऊन बुडतात.”

बहिणीने भावाची बाही सोडली. “तुला माहीत होतं?”

“मी रोज त्याच्या बाजूने नाव नेतो,” नावाडी म्हणाला. “एकदा वल्हं लागलं. टणकन आवाज आला.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुझी खिडकी गेली असती.”

“अरे, मला कधीच माहीत होतं! मी तुला सांगितलं नाही, लोक यायचे बंद झाले तर तुझी नाव जाईल म्हणून!”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतकी वर्षं एकाच ताटात जेवून हे असं.

“मग हे केलं कोणी?” पोलिसाने वही उघडली.

“पायी जायचं तर ओहोटीला, फळ्या बांधून. साहेबांच्या बुटांना चिखल ठाऊक नाही. कपाट उघडायला ह्या दोघांच्याच किल्ल्या. दुर्बीण जखडलेली, तिचीही किल्ली कोणाच्या गळ्यात आहे ते दिसतंय. आज एकही फेरी नाही, तरी कुटीबाहेर बूट ठिबकतायत. आणि मुख्य म्हणजे, जो माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला वाऱ्याची गंमत सांगतो, त्याला एकट्यालाच म्हाताऱ्याची पाठ दिसली नसेल?”

गाइडने गोफ काढून हातात घेतला.

“खरा म्हातारा एका हंगामात आलाच नाही,” तो म्हणाला. आवाजात टेप नव्हती. “मी वाट बघितली. लोक कमी झाले. वरून विचारणा आली, गाइड ठेवायचा का. मग म्हटलं, तो येईपर्यंत ह्याला उभा करू. तो आलाच नाही. मग राहिला हाच.”

“आणि परवा कळलं की ह्याच्या पायात कडं घालणार.”

“शिडीसुद्धा मागवली हो साहेबांनी. मग म्हटलं, म्हातारा मरायलाच हवा. देवाशप्पथ, नावाड्याचं माझ्या मनात नव्हतं. नाव तेवढी कुटीतून दिसते म्हणून तिथे ठेवलं. मी कोल्हा म्हणणार होतो. म्हटलंही. साहेबांनी ऐकलंच नाही.”

“मग खरं सांगायचं.”

“संध्याकाळपर्यंत सांगणार होतो.”

“लाँच दुपारी येणार होती,” सासूबाई म्हणाल्या.

नावाडी गाइडकडे बघत होता, रागाने नव्हे, नाव कुठे गळतेय ते बघावं तसा. मग त्याने अधीक्षकांपुढे हात केला. अधीक्षकांनी खिशातून मोटरीची दोरी काढून त्याच्या हातावर ठेवली.

पोलिसाने वही मिटली. “पक्षी मारला तर गुन्हा आहे. भुसा मारला तर माझ्याकडे कलम नाही.”

अधीक्षक उठून कपाटापाशी गेले होते. “मी रोज नमस्कार करत होतो,” ते काचेला म्हणाले आणि पुन्हा रडू लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे. जावयांनी त्यांना आपला रुमाल दिला. तो घडीतच होता, कित्येक दिवस.

तेव्हा पक्षीतज्ज्ञ डॉक्टरबाई पहिल्यांदा बोलल्या. त्या मघापासून गोंधळून एकेकाकडे बघत होत्या.

“पण म्हाताऱ्याला कडं घालायला मी आलेच नव्हते,” त्या म्हणाल्या. “मी तुतवारांसाठी आलेय. म्हाताऱ्याला कडं घालून झालं की. तो शहराच्या कचरा डेपोवर असतो. बरीच वर्षं. तिथे त्याला आयतं मिळतं. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.”

*

कचरा डेपो परतीच्या रस्त्यावरच होता. सकाळी येताना ते त्याच्यावरूनच आले होते. तेव्हा जावयांनी काचा वर केल्या होत्या.

“तिला माहीत असेल का, तो भुशाचा आहे म्हणून?” त्यांनी गाडी चालवता चालवता विचारलं.

“माहीत असतं तर मला सांगितलं असतं,” सासूबाई म्हणाल्या.

“मला सांगितलं असतं.”

“तुम्हाला? तुम्ही तर सरळ शिक्का मारला असतात. सुरक्षित.”

तिने दोघांनाही काही सांगितलं नव्हतं. फोटोत मात्र ती जरा जास्तच हसत होती.

जावयांनी गाडी कडेला घेतली. कुंपणापलीकडे डोंगराएवढा ढीग, त्यावर कावळे, भटकी कुत्री, आणि एका फाटक्या गादीवर उभा एक उंच, मळका, म्हातारा करकोचा. पायात कडं. तो हलला. चोचीने एक पिशवी फाडली, काहीतरी गिळलं, आणि वाऱ्याकडे तोंड करून पुन्हा उभा राहिला.

सासूबाईंनी पर्समधून दोन अर्धी तिकिटं काढली. बघितली, आणि कुठे टाकावीत ते न कळून परत ठेवली.

“फोटो काढू का?” जावयांनी विचारलं.

“काढा.”

त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि फोटो काढला. तिथे बघायला तिकीट लागत नव्हतं. घाण वास येत होता.